प्रयोगशाळेत वाढविलेला मूत्रमार्ग : आशा किती, सावधगिरी किती?

दमा, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलतात. लघवीच्या आजाराविषयी मात्र घरातसुद्धा बोलत नाहीत. लघवीची धार बारीक झाली, कुंथावे लागते, थेंब थेंब होते, तरी पुरुष माणूस महिनोन्‌महिने गप्प राहतो. मुलगा आईला सांगत नाही आणि मोठा माणूस बायकोला सांगत नाही. शेवटी एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडते, ओटीपोट फुगते आणि मग रिक्षा करून इस्पितळ गाठावे लागते. तोपर्यंत कित्येकदा मूत्रपिंडांनाही इजा झालेली असते.

या आजारावर गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञ एक वेगळाच उपाय शोधीत आहेत. रुग्णाच्याच शरीरातला नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांची नळी किंवा पिशवी तयार करायची आणि ती पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात बसवायची. अशा कामाच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या वाचून कुणाला वाटते की आता बिघडलेला कोणताही अवयव बदलून मिळेल. कुणी एखादी जाहिरात पाहून बायकोचे दागिने मोडायला निघतो. म्हणून या कामात खरोखर काय साधले, काय साधले नाही आणि आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

मूत्रमार्ग का आकसतो?

आपल्या दोन मूत्रपिंडांत लघवी तयार होते. दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून ती मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवीतून बाहेर येण्याची जी वाट तिला मूत्रमार्ग म्हणतात. स्त्रियांत हा मार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो, तर पुरुषांत १८ ते २० सेंटिमीटर. वाट लांब आणि वळणाची असल्यामुळे ती अरुंद होण्याचा आजार बहुतेक करून पुरुषांनाच होतो.

या संपूर्ण मार्गाला आतून एक खास अस्तर असते. लघवी म्हणजे शरीराने टाकून दिलेले खारट, दाहक पाणी. ते बाजूच्या मांसात झिरपू नये म्हणून हे अस्तर राखण करते. अस्तर फाटले की लघवी आत झिरपते, तेथे सूज येते, जंतू वाढतात आणि जखम भरताना कडक व्रण तयार होतो. व्रणाचा गुण आकसण्याचा असतो. भाजलेल्या हाताची कातडी जशी ओढली जाते तशीच ही नळी आतून ओढली जाते आणि वाट बंद होत जाते.

ही इजा कुणालाही होऊ शकते. परातीवरून किंवा शिडीवरून पाय घसरून माणूस लोखंडी पाइपावर दोन्ही बाजूंना पाय पडून आदळतो. रस्त्यावरच्या अपघातात कंबरेचे हाड मोडते आणि त्यासोबत मूत्रमार्ग तुटतो. कधी लघवीची नळी घालताना किंवा ती फार दिवस ठेवल्यामुळे आतून इजा होते. कधी जंतुसंसर्ग, तर कधी कातडीचा आजार कारण ठरतो. काही बालके जन्मतःच अपुरा मूत्रमार्ग घेऊन येतात. त्यांच्या लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असते. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो.

जुन्या दुरुस्तीच्या मर्यादा

पूर्वी अशा रुग्णाच्या मूत्रमार्गात सळई घालून वाट मोठी करीत. आजही काही ठिकाणी करतात. काही महिने बरे वाटते, मग व्रण पुन्हा आकसतो आणि पुन्हा तीच पाळी येते. आकसलेला भाग छोटा असेल तर तो कापून दोन निरोगी टोके जोडता येतात. भाग मोठा असेल तर दुसरीकडचे अस्तर आणून ठिगळ लावावे लागते.

त्यासाठी शरीरात उत्तम जागा सापडली ती गालाच्या आत. तोंडातले अस्तर सदैव ओले राहते, त्याला केस नसतात आणि नव्या जागी ते चटकन रुजते. किएव्ह शहरातील शल्यविशारद सापेझ्को यांनी १८९४ मध्ये असा प्रयोग केला होता. नंतर तो विस्मरणात गेला आणि १९९० नंतर जगभर रूढ झाला. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी संपूर्ण मूत्रमार्ग आकसलेल्या रुग्णांसाठी गालाचे अस्तर बसविण्याची जी पद्धत बसविली, ती जगात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २०१२ मध्ये त्यांनी ११७ रुग्णांचा अहवाल मांडला. आकसलेल्या भागाची सरासरी लांबी १४ सेंटिमीटर होती आणि सुमारे ८४ टक्के शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या होत्या.

मात्र ठिगळ लावायला खाली थोडी तरी जुनी वाट शिल्लक असावी लागते. वाट पूर्णच तुटली असेल आणि टोके जुळत नसतील तर सबंध गोल नळी तयार करावी लागते. कातडीची किंवा अस्तराची गुंडाळी करून बनविलेल्या अशा नळ्या निम्म्याहून अधिक वेळा फसतात असे डॉक्टर सांगतात. येथूनच प्रयोगशाळेच्या नळीची गरज सुरू होते.

मेक्सिकोची पाच मुले

अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला नावाचे शल्यविशारद आहेत. जन्म पेरू देशातला. मुलांच्या मूत्ररोगांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांनी पेशी वाढविण्याचे काम हाती घेतले. २००४ पासून ते नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात आहेत. त्यांच्या गटाने मेक्सिको शहरातील बालरुग्णालयाच्या डॉ. अटलांटिडा राया-रिवेरा यांच्याबरोबर २००४ ते २००७ या काळात पाच मुलांवर उपचार केले.

ही मुले १० ते १४ वर्षांची होती. तिघांचा मूत्रमार्ग अपघातात तुटला होता आणि दोघांच्या आधीच्या शस्त्रक्रिया फसल्या होत्या. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या मूत्राशयाचा एक लहानसा तुकडा काढला. त्यातून दोन जातींच्या पेशी वेगळ्या केल्या, एक स्नायूंच्या आणि दुसऱ्या आतल्या अस्तराच्या. शरीराएवढ्या उबेत, पोषक द्रवात ठेवल्यावर या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढू लागल्या.

पेशी नुसत्या वाढून नळी होत नाही. वेलीला मांडव लागतो तसा त्यांना आधार लागतो. तो आधार म्हणून जाळीदार नळी वापरली. शस्त्रक्रियेत जे आपोआप विरघळणारे टाके घालतात, त्याच जातीच्या पदार्थाची ती होती. प्रत्येक मुलाच्या मापाने ती बनविली. नळीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंच्या पेशी आणि आतल्या अंगाला अस्तराच्या पेशी पेरल्या. तुकडा काढल्यापासून चार ते सात आठवड्यांत नळी तयार झाली आणि शस्त्रक्रिया करून तुटलेल्या जागी बसविण्यात आली. पुढे जाळी विरघळत गेली आणि तिच्या जागी मुलाचे स्वतःचे मांस उरले.

तीन महिन्यांनी आतून लहान तुकडे काढून तपासले तेव्हा नैसर्गिक मूत्रमार्गासारखेच थर दिसले. सहा वर्षांपर्यंत मुलांवर लक्ष ठेवले. लघवीचा वेग मध्यम मानाने सेकंदाला सुमारे २७ मिलिलिटर भरला. निरोगी पुरुषात १५ च्या वर वेग असला की तो बरा मानतात. हा अहवाल ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २०११ मध्ये छापून आला.

यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की पेशी त्याच मुलाच्या असल्यामुळे शरीराने त्या परक्या मानल्या नाहीत. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविल्यावर जन्मभर औषधे घ्यावी लागतात, तशी येथे लागली नाहीत. दुसरी ही की या पेशी मूत्राशयातल्या साध्या पेशी होत्या. ‘स्टेम सेल’ म्हणून ज्यांची आज सरसकट जाहिरात चालते, त्या या नव्हत्या.

पेशी न पेरता नुसती जाळी बसवली तर चालणार नाही काय? सशांवर तसे करून पाहिले गेले. २००८ च्या त्या अहवालानुसार कडेची निरोगी पेशी स्वतःहून अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच सरकते. त्याहून लांब जाळीत व्रण तयार होतो. म्हणून लांब नळीसाठी पेशी आधी पेराव्या लागतात.

पिशवीची गोष्ट : यशानंतर अपयश

मूत्रमार्गाच्या आधी या शास्त्रज्ञांनी मूत्राशयाचे काम केले होते. काही बालके पाठीच्या कण्यातील फट घेऊन जन्माला येतात. कण्यातील नसा बिघडल्यामुळे त्यांचे मूत्राशय कडक आणि लहान राहते, आत दाब वाढतो आणि लघवी उलटी वर ढकलली जाऊन मूत्रपिंडे खराब होतात. अशा मुलांच्या मूत्राशयाला आतड्याचा तुकडा जोडून ते मोठे करतात. पण आतड्याचे काम शोषून घेण्याचे. ते लघवीतील क्षार पुन्हा रक्तात ओढते, चिकट स्राव सोडते आणि मुतखडे होतात.

म्हणून बोस्टनच्या बालरुग्णालयात १९९९ पासून ४ ते १९ वर्षांच्या सात रुग्णांवर त्यांच्याच पेशींनी वाढविलेले मूत्राशय जोडण्यात आले. २००६ मध्ये अहवाल आला. मुतखडे झाले नाहीत आणि मूत्रपिंडांचे काम टिकून राहिले. जगभर बातम्या झळकल्या.

त्यानंतर एका कंपनीने हेच तंत्र घेऊन कण्याच्या याच आजाराच्या दहा मुला-तरुणांवर पुढची चाचणी केली. तिचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. एकाही रुग्णाच्या मूत्राशयाची साठवणूक म्हणण्याजोगी वाढली नव्हती. चौघांना आतडे अडकणे किंवा मूत्राशय फाटणे असा गंभीर त्रास झाला होता. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

यशाची बातमी आपल्यापर्यंत पोहोचते, अपयशाची पोहोचत नाही. म्हणूनच ही दुसरी बातमी येथे मुद्दाम दिली आहे. ज्यांनी ती छापली त्यांनी विज्ञानाचे कामच केले. सात रुग्णांवरून किंवा पाच रुग्णांवरून एखादा उपचार सिद्ध होत नाही. त्याला पुढच्या रुग्णांत, दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती, पुन्हा उतरावे लागते.

अडते कुठे?

मुख्य अडचण रक्ताची आहे. जिवंत पेशीला श्वास आणि अन्न रक्तातून मिळते. रक्तवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडीएवढ्या अंतरापलीकडे ती फार काळ जगत नाही. प्रयोगशाळेत तिला पोषक द्रव मिळतो, परंतु शरीरात बसविल्यावर नवीन रक्तवाहिन्या फुटेपर्यंतचे दिवस कठीण असतात. बोस्टनच्या रुग्णांतही ज्यांचे नवे मूत्राशय पोटातील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या चरबीच्या पडद्यात गुंडाळले होते, त्यांना अधिक गुण आला होता. मूत्रमार्ग ही पातळ भिंतीची अरुंद नळी आहे, म्हणून तेथे रक्त लवकर पोहोचते. मोठ्या जाड पिशवीचे तसे नाही. पेशी मरतात, व्रण होतो आणि पिशवी आकसते.

दुसरी अडचण अशी की काही आजारी मूत्राशयांतल्या पेशी प्रयोगशाळेत नीट वाढतच नाहीत. २०१४ च्या चाचणीत दोघांच्या बाबतीत असेच घडले.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी गालाच्या अस्तराकडे मोर्चा वळविला. गालातून इवलासा तुकडा घ्यायचा आणि त्याचे पातळ अस्तर वाढवून ठिगळ म्हणून लावायचे. इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे पाच रुग्णांवर हे केले होते. २००८ च्या अहवालात त्यांपैकी दोघांचे ठिगळ आकसल्याने एकाचे पूर्ण आणि एकाचे काही प्रमाणात काढावे लागल्याचे नमूद आहे. जर्मनीत ९९ रुग्णांवर असे वाढविलेले अस्तर लावले. २०१७ च्या अहवालात एका वर्षानंतर सुमारे ६७ टक्के आणि दोन वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के यश दिसले. अनुभवी शल्यविशारदांच्या केंद्रांत यश ८५ टक्क्यांवर गेले, तर कमी अनुभवाच्या ठिकाणी ते शून्यावरही आले. म्हणजे प्रयोगशाळेइतकेच महत्त्व शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला आहे. भारतातही गालाच्या पेशी वाढवून वापरण्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

आता कुणी विचारील की गालाचे साधे ठिगळ इतके चांगले रुजते, तर पेशी वाढविण्याचा खटाटोप कशाला? कारण गाल दोनच आहेत. ज्यांच्या शस्त्रक्रिया दोन-तीनदा फसल्या, त्यांना द्यायला पुरेसे अस्तर उरत नाही. आणि आपल्याकडे आणखी एक मोठे कारण आहे. गुटखा, मावा, खर्रा, तंबाखू यांनी गालाचे अस्तर जळते, पांढरे पडते, कडक होते, तोंड उघडेनासे होते. असे अस्तर ठिगळाला धड राहत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कर्करोगाचे भय दाखवूनही ज्याची पुडी सुटत नाही, त्याने हेही ऐकून ठेवावे.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, मेक्सिकोच्या मुलांचा उपचार आपल्या इस्पितळात उद्या मिळेल असे नाही. पण आपल्या हातात आज बरेच काही आहे.

लघवीची धार बारीक होणे, फाटणे, कुंथावे लागणे, वारंवार जळजळ होणे ही लक्षणे लाजेने लपवू नयेत. युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. लघवीचा वेग मोजणे, सोनोग्राफी करणे आणि औषध सोडून एक्स-रे काढणे एवढ्यावर बहुतेक निदान होते. केईएम, सायन, नायर, जे. जे. या मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मूत्ररोग विभाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

पडल्यावर किंवा अपघातानंतर मूत्रमार्गातून रक्त दिसले आणि लघवी होत नसेल, तर गल्लीतल्या कुणा माहीतगाराकडून नळी घालून घेऊ नये. अर्धवट तुटलेला मार्ग त्याने पूर्ण तुटू शकतो. थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि रक्त दिसल्याचे तेथे आधी सांगावे.

मुलाला आंघोळ घालताना आईला छिद्र खालच्या बाजूला दिसले तर ते लपवू नये. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती साधारणपणे सहा महिने ते दीड वर्ष या वयात करतात.

कण्यातील फटीचा दोष मोठ्या प्रमाणात टाळता येतो, हे तर प्रत्येक सुनेला आणि सासूला माहीत हवे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत असे आढळले की ज्यांचे आधीचे मूल या आजाराचे होते, अशा स्त्रियांनी फॉलिक ॲसिड घेतल्यास हा दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो. सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. मात्र बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटतो. पाळी चुकल्याचे कळते तेव्हा ती वेळ जवळजवळ सरलेली असते. म्हणून मूल हवे असे ठरले की गर्भ राहण्याआधीच आरोग्य केंद्रात जाऊन फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांविषयी विचारावे. घरात असे मूल असेलच, तर ठरावीक वेळी स्वच्छ नळीने लघवी काढण्याची रीत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ती मांडली. घरच्या घरी करता येणाऱ्या या साध्या कृतीने अशा कितीतरी मुलांची मूत्रपिंडे वाचली आहेत.

राहिला प्रश्न जाहिरातींचा. ‘स्टेम सेलने कोणताही आजार बरा’ असे सांगणाऱ्या ठिकाणी पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या उपचाराला सरकारची परवानगी आहे काय? ही चाचणी असेल तर तिची भारताच्या चाचणी नोंदवहीत नोंद आहे काय? चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कशाचे घेता? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सिद्ध न झालेला स्टेम सेलचा उपचार चाचणीबाहेर देता येत नाही. समोरचा माणूस या प्रश्नांना उडवून लावीत असेल तर तेथून उठावे. अंगारा देणाऱ्याला आपण पुरावा विचारतो, तसाच तो पांढरा कोट घातलेल्यालाही विचारायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत वाढलेल्या नळीने पाच मुलांना वर्षानुवर्षे नीट लघवी करता आली, ही गोष्ट खरी आहे आणि ती मोठी आहे. तिचा उपचार सर्वांच्या दारापर्यंत यायला अजून अवकाश आहे. तोवर ज्याला त्रास आहे त्याने तो आज रात्री घरात सांगावा, आणि घरच्यांनी हसू नये.